राक्षस लवकर जागा झाला

माझा नवरा गेला, त्यालाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुलींनाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट उमजत नाही.

वाशीमला मी शिकत होते त्या मुलींच्या शाळेत मडमबाईंचा पियानो होता. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगून अडकायच्या. त्यावर दोघी शिकलो — मी आणि यमुना. माझे वडील जमीनदार; तिच्या बापाचा गावाबाहेर भाजीचा मळा. सकाळी वांगी तोडून ती शाळेत यायची, बोटं काळी पडलेली. ती बोटं पट्ट्यांवर फिरायला लागली की मडमबाई डोळे मिटायच्या. माझं वाजवणं ऐकताना त्यांनी कधी डोळे मिटले नाहीत. हे मी पाहत होते — रोज पाहत होते.

त्या हिवाळ्यात बाईंनी कार्यक्रम ठरवला. पुराणातल्या आणि परीकथांतल्या गोष्टी, दोघींनी एकाच पियानोवर वाजवायच्या. समुद्रमंथन होतं, उडता घोडा होता, आणि शेवटी झोपलेल्या राक्षसाची गोष्ट. त्याच्या उशाशी ठेवलेली किल्ली चोरायला राजकन्या दबक्या पावलांनी येते — ते माझे बारीक सूर. राक्षस दचकून उठतो — ते यमुनाचे, गडगडणारे. तिला कागदावरचे सूर वाचता येत नव्हते, सगळं कानानं. म्हणून आमची खूण ठरलेली: माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला की राक्षस उठणार.

नागपूरहून संगीत शिकवणाऱ्या एक मोठ्या बाई ऐकायला येणार होत्या. दोघींतल्या एकीला त्या पुढं शिकायला नेणार होत्या. उन्हाळ्यात यमुनाचं लग्न उरकायचं घाटत होतं. ते टळायला तिला हाच एक रस्ता होता. मला माहीत नव्हतं, असं म्हणू का? तिनंच तर सांगितलं होतं मला.

दुपारी शाळेचा मोठा वर्ग माणसांनी भरला. यमुनाचा बाप धुतलेला फेटा बांधून दाराशी उभा होता. समुद्रमंथन वाजलं तेव्हा त्या मोठ्या बाई फक्त तिच्या हातांकडे बघत होत्या. पुढं राजकन्या निघाली. ती अजून महालाच्या दारातच होती — आणि मी गुडघा लावला.

चुकून? चुकून लागला असता तर मी वाजवत राहिले असते ना? मी हात उचलून मांडीवर ठेवले आणि यमुनाकडे पाहिलं. राक्षस एकटाच गडगडला. लोक हसले. कुणाचं चुकलं, ते सगळ्यांना दिसलं.

बाहेर तिनं मला गाठलं. "गुडघा लागला ना व तुहा? का मलेच भास झाला?"

"मी कायले लावीन? भासच असंन."

तिनं मान हलवली. स्वतःच्या अंगाला जे कळलं होतं, त्याच्यापेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

मी नागपूरला गेले. जन्मभर मुलींना संगीत शिकवलं. यमुनाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

पुष्कळ वर्षांनी शेलूबाजार गावच्या आठवडी बाजारात ती दिसली, मेथीच्या जुड्या मांडून बसलेली. मला ओळखून उठलीच. शेजारच्या लेकीला म्हणाली, "हे माही मैतरीन. माह्या चुकीनं इची चार लोकाईत बेइज्जती झाली, तरी एका शब्दानं बोलली नाही मले." आणि मग माझ्याकडे वळून, "अजून वाईट वाटते व मले त्याचं."

तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यं तर होती. मी काय म्हणाले? "जाऊ दे व, पोरवयातली गोष्ट." मी तिला माफ केलं. ऐकताय ना? मी — तिला — माफ केलं. आणि तिचे डोळे भरून आले.

दोन वर्षांनी ती गेली. तिची लेक मुद्दाम माझ्या घरी सांगायला आली. आई तुमचं लई नाव काढे, म्हणाली. मी तिला चहा दिला. फाटकापर्यंत पोचवायला गेले. ती वळणाआड होईपर्यंत उभी राहिले. ती दोन वाक्यं तिलाही सांगितली नाहीत.