निळ्या फडक्यातली वही आणि केशव पंडितजी

केशव पंडितजींची आणि माझी पहिली ओळख भांडणानं झाली. बारा वर्षांमागं, बेळगावच्या कॅम्पात, माझ्या नातवाच्या, राहुलच्या, शपथेच्या परेडीला. पंडितजी तेव्हा फौजेत धर्मगुरू होते. आता त्यांना साठ पुरी झाली म्हणून हा गौरवग्रंथ निघतोय, आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेल्या, तिसरी शिकलेल्या बाईला तो काढणाऱ्या मंडळानं लिहायला सांगितलंय. का, ते कळलं नाही. पंडितजींचंही बरंच काही मला कळलेलं नाही. तेच लिहिते.

फौजेत पंडिताचं काय काम? त्यांनी मला समजावलं, की पूर्वी राजांच्या फौजेबरोबर पुरोहित चालत, गोऱ्यांच्या पलटणीत पाद्री असे, आपल्या शिपायांसाठी पंडित, मौलवी, शिखांचा ग्रंथी. आता सरकार परीक्षा घेऊन भरती करतं. अंगावर वर्दी, हातात आरतीचं ताट, आणि एकाच इमारतीत सगळे देव.

"मग तुमी नेमकं कुणाचं?" मी विचारलं.

"ज्याची रजा नामंजूर झाली त्याचा, आक्का," पंडितजी म्हणाले.

आमचं घर बौद्ध. पण राहुलच्या भरतीच्या कागदावर कुणीतरी हिंदू लिहून ठेवलेलं. परेडीच्या आधी त्याचा फोन आला, "आजी, पोथीवर हात ठेवून शपथ घ्यायची हाय." मी म्हटलं, "ठेवलास तर माझा उंबरा वलांडू नगंस." बोलून गेले आणि घाबरले. हात ठेवला तर घर तुटणार, नाही ठेवला तर नोकरी जाणार, असं मला वाटलं.

म्हणून माझ्या मालकांचा, वखारीत हमाली केलेल्या राहुलच्या आजोबांचा, धम्माचा ग्रंथ घेऊन मी पहिल्या एस्टीनं निघाले. बुद्धाच्या मूर्तीशेजारी तो निळ्या फडक्यात बांधलेला असे. मालक गेल्यापासून सोडला नव्हता. चहाच्या तंबूपाशी पंडितजींना गाठलं.

"माझा नातू तुमच्या पोथीला हात लावणार न्हाय."

"बरं. तुमचं पुस्तक आणलंय?"

मी भांडणाची तयारी करून गेले होते. "बरं" म्हणणाऱ्याशी काय भांडणार? पंडितजींनी फडकं सोडलं, पान उलटलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा नीट बांधलं. साहेबांशी बोलून आले. राहुलनं त्या निळ्या फडक्यावर हात ठेवून शपथ घेतली. माझी मान ताठ झाली.

पुढं बर्फात राहुलच्या पायाची बोटं काळी पडली. पंडितजी तिथंच नेमणुकीला होते. ते रोज खाटेशी बसत आणि म्हणत, "तुझी आजी शिव्या कशा देते ते म्हणून दाखव." पोरगं हसत राहिलं. बोटं वाचली. ह्याला पूजा म्हणायचं का काय, मला सांगता येत नाही.

गेल्या जयंतीला साफसफाई करताना मूर्तीमागं आणखी एक निळं गाठोडं सापडलं. सोडलं, तर ग्रंथ त्यात. मग मी बेळगावला नेलं ते काय? तेही सोडलं. मालकांची प्रौढवर्गाची वही. पानभर वेडंवाकडं एकच वाक्य : नेहमी खरे बोलावे.

तशीच बेळगावात अनगोळला पंडितजींच्या घरी गेले. "तुमी उघडून बघितलं हुतं न्हवं?"

"बघितलं होतं."

"मग नातवाला कशावर शपथ दिलीसा?"

"एका हमालानं उतारवयात बोटं वळवून लिहिलंय, खरे बोलावे. तुमच्या पंचशीलातही हेच आहे ना? शपथेला आणखी काय लागतं?"

"आणि मला सांगितलं न्हाईसा, ते खोटं न्हवं व्हय?"

 पंडितजी म्हणाले, "आहे. तेवढं माझ्या नावावर राहू द्या, आक्का. तुम्ही त्या दिवशी ताठ मानेनं घरी गेलात."

ती शपथ खरी का खोटी, मी अजून ठरवू शकले नाही. बारा वर्षं राहुल त्याच शपथेवर उभा आहे, आणि त्याला हे ठाऊक नाही. या पानांतून कळण्याआधी मीच सांगणार आहे. दिवाळीच्या रजेत आला की दोन्ही गाठोडी त्याच्यापुढं सोडीन. तो विचारील त्याचं उत्तर पंडितजींनीच द्यायचं आहे. तेव्हा पंडितजींनी मजेत राहावं, गुडघे धड ठेवावेत, दिवाळीला निपाणीला यावं, आणि पुढंही पुष्कळ वर्षं जगावं. पोराचं एका दिवसात समाधान होणार नाही. माझंही झालेलं नाही.