मशीनवाल्या मामांची हाक

नांदेड-लातूर पट्ट्यात रक्ताशी बोलणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे आमचे मशीनवाले मामा. नांदेडच्या कुत्र्यांच्या एका दवाखान्यात रक्त धुण्याचं मशीन त्यांच्या ताब्यात होतं. गोचीड चावून रक्तात जंतू झालेली, मूत्रपिंडं बसलेली कुत्री तिथे येत. रक्त एका नळीनं बाहेर जाई, धुऊन दुसरीनं परत येई, आणि ते चार तास मामा कुत्र्याला हलक्या आवाजात नावानं हाका मारत बसत, "ये, घरी ये." बाहेर पडलेल्या रक्ताला वाट सापडली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मालकानं ऐटबाज नाव सांगितलं तरी घरातलं खरं नाव ते काढून घेतच. हदगावच्या एका दांडग्या मार्शलचं नाव बबडी निघालं. डॉक्टर हसायचे, पण मामा रजेवर असले की मशीन लावणं पुढे ढकलायचे.

कंधारच्या किल्ल्यापाशी सापडलेलं एक बेवारस कुत्रं मी घेऊन गेलो, तेव्हा त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्याला नाव नव्हतं. मामांनी मशीनवरचा हात काढून घेतला.

"बिननावाचं रगत भायेर काढायचं न्हाई, सर."

मी घाईनं मोती म्हणालो.

"नव्या नावाला वाट म्हाईत नसती. वापरलेलं पायजे." मग म्हणाले, "माझं लावा. माय गेल्यापासून पडूनच हाय. सगळे मामाच म्हणून राहिले."

आणि तो माणूस चार तास स्वतःच्याच नावानं हाका मारत बसला. अखेर कुत्र्यानं डोळे उघडले आणि मामांकडे एकटक पाहिलं.

"न्या," मामा म्हणाले. "आता त्येचं हाय."

गेल्या वर्षी मामांचीच मूत्रपिंडं गेली. लातूरला त्यांना तसल्याच मशीनला जोडलं होतं. तिथली नर्स सगळ्यांनाच काका म्हणायची. मला राहवेना. त्यांच्या कानाशी वाकून मी त्यांचं नाव घेतलं आणि म्हणालो, "या, घरी या." मामांनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं.

"आणलंय व्हय त्येला?"

"नाही मामा, तुम्हालाच हाक मारली."

त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "नका मारू. नाव वापस आलं तर तिकडं त्येचं काय व्हईल?"

मग उरलेला वेळ मी नुसतं मामा, मामा म्हणत राहिलो. ते पुरलं नाही.

कुत्रं ठणठणीत आहे, आत्ता अंगणात झोपलंय. मामांचं नाव इथे लिहिलं नाही, कारण लिहिताना मला पुटपुटायची सवय आहे आणि ते ऐकलं की कुत्रं उठतं. फारच आठवण आली की मात्र मी मुद्दाम ते नाव घेतो. कुत्रं आत येतं. दार मी आणखी थोडा वेळ उघडंच ठेवतो.