कुंदाने धुतलेले कॅन

शारजात रोला नावाच्या भागात, खाली तयार कपड्यांची दुकानं आणि वर बिऱ्हाडं अशा एका इमारतीत कुंदा शिरगावकरचा संसार होता. नवरा मुरलीधर दुबईतल्या देरा भागात एका हार्डवेअरच्या ट्रेडिंग कंपनीत नोकरीला. सकाळी निघायचा तो ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकून संध्याकाळी चेहरा पाडून परत यायचा. मुलगी पर्णिका शाळेत. कुंदा आसपासच्या चार-पाच बॅचलर पोरांना पोळीभाजीचे डबे द्यायची. डब्यांना चव होतीच, पण तिचं नाव झालं होतं ते स्वच्छतेसाठी. ओट्यावर पाण्याचा थेंब राहिलेला तिला खपत नसे. दुसऱ्याच्या घरी पाणी पिताना ती आधी पेला उजेडात धरून बघायची, आणि हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून खिडकीशी जाऊन बाहेर बघितल्यासारखं करायची.

अशा बाईच्या घरात शहाण्णव साली दारू बनायला लागली.

मुरलीधरला आठवड्यातून एकदा दोन पेग लागायचे. शारजात दारूबंदी. दुबईत हॉटेलात बसून घ्यावी तर परवडायची नाही, आणि तोंडाला वास घेऊन गाडी शारजात आणायची म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं. त्यातच त्याच्या ऑफिसातला एक इंग्लिश मॅनेजर नोकरी संपवून मायदेशी निघाला. जाताना त्याने मुरलीधरला भोकाचं रबरी बूच, प्लास्टिकची लांब नळी आणि तोंडी कृती एवढा वारसा दिला. द्राक्षरसाचे खोके, साखर आणि पावात घालतात ते यीस्ट. पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन घरात होताच.

कुंदाला पत्ता लागला तो वासाने. पाहुण्यांच्या बाथरूममधून काहीतरी आंबल्याचा वास येत होता. दार उघडून बघते तर टबात कॅन उभा, त्याला आपली जुनी सोलापुरी चादर गुंडाळलेली, बुचातून निघालेली नळी पाण्याच्या पेल्यात सोडलेली, आणि पेल्यात बुडबुडे येतायत. कॅनच्या गळ्याशी तपकिरी फेस वाळून त्याचं कडं झालं होतं. तिने मुरलीधरला विचारलं, तेव्हा त्याने हसत हसत सगळं सांगितलं. वर म्हणाला, तुझं इडलीचं पीठ आंबतं तसंच हे. कुंदाने त्यानंतर बरेच दिवस इडली केली नाही.

पहिली खेप त्याने आणि रुपेशने मिळून संपवली. रुपेश त्याच्याच ऑफिसातला, मूळचा डोंबिवलीचा. बायको-मुलं तिकडे आणि हा इथे एकटा, त्यामुळे शुक्रवारच्या सुट्टीआधी, गुरुवारी संध्याकाळी तो हटकून यांच्याकडे असायचा. रिकामा कॅन मुरलीधरने टबात आडवा टाकला आणि तो विसरून गेला. आठवड्याने कुंदाने बाथरूम धुवायला घेतलं. कॅन सरळ करताच तळाचा गाळ हलला. मळकट, पिठल्यासारखा घट्ट गाळ, वर हिरवी-पांढरी बुरशी, आणि तोंडातून उसळून आलेला चिलटांचा थवा थेट तिच्या तोंडावर. तिथल्या तिथे तिला ओकारी झाली.

मुरलीधरने कॅन नळाखाली धरला, दोनदा खळखळवला आणि त्यात नवा रस ओतला. कुंदा दारात उभी राहून बघत होती.

"अहो, हा धुतला म्हणायचा का?"

"अगं, दारूने जंतू मरतात. दारू म्हणजेच औषध," तो म्हणाला.

ती खेप आंबट झाली. तरीही दोघांनी ती प्यायली आणि पुढचे दोन दिवस दोघेही संडासाच्या वाऱ्या करत होते. मुरलीधरने रसाच्या कंपनीला दोष दिला. त्यानंतर एके दिवशी, त्याने वाईन भरून ओट्याखालच्या कपाटात ठेवलेल्या बाटल्यांपैकी दोन आतल्या गॅसने फुटल्या. तांदळाच्या पोत्यावर, डाळीच्या डब्यांवर चिकट ओघळ गेले. कुंदाने कपाट उघडलं तेव्हा त्या ओघळांना झुरळं चिकटली होती, काही मेलेली, काही पाय हलवत असलेली. तांदूळ फेकून दिले. डबे तीनदा घासले. आणि मग, ज्याचा तिला पुढे जन्मभर राग येत राहिला, ते तिने स्वतःहून केलं. नवऱ्याचा कॅन तिने धुवायला घेतला.

दारू सुधारावी म्हणून नाही. घरात ती घाण आहे हे माहीत असताना तिला झोप लागत नव्हती, एवढंच.

कॅनचं तोंड अरुंद, हात आत जात नाही. तिने मूठभर तांदूळ, सोडा आणि गरम पाणी आत घालून कॅन मांडीवर धरून घुसळला. गाळ सुटला तो गुठळ्या गुठळ्यांनी, आणि टबाच्या जाळीवर बसून राहिला. तो बोटांनी काढावा लागला. हातमोजे होते, तरी बोटांना त्याचा बुळबुळीतपणा कळायचा. मग लांब काठीला ब्रश बांधून गळ्याचं कडं खरवडलं. नळीत आतून शेवाळासारखा थर धरला होता. तो निघेना म्हणून तिने नळी रात्रभर क्लोरॉक्स ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि सकाळी एका टोकाला नळ जोडून पाणी सोडलं, तेव्हा दुसऱ्या टोकातून शेंबडासारखी लांबच लांब तार बाहेर आली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मुरलीधरला मात्र सगळं नव्यासारखं चकचकीत मिळालं.

ती खेप उत्तम झाली. स्वच्छ लाल रंग, वास गोडसर. मुरलीधरला आपल्या हाताचा गुण वाटला. पण ती खेप संपली तेव्हा त्याने कॅन टबात ठेवून कुंदाला फक्त "झालाय हं" एवढंच सांगितलं. त्यानंतर ते तिचंच काम ठरलं. कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे तिला नीट सांगता आलं नसतं. एकाचे दोन कॅन झाले, दोनाचे तीन. बाटल्या यायला लागल्या, त्यांची लेबलं भिजवून काढायची, उकळत्या पाण्यातून फिरवून उपड्या घालायच्या. एकदा तिने श्रीखंडाला चक्का टांगायला म्हणून मलमलीचा तुकडा शोधला, तर तो जांभळा पडून बाथरूमच्या खुंटीवर लटकत होता. मुरलीधरने त्यातून वाईन गाळली होती. तिने तो दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला आणि त्या सणाला श्रीखंड झालंच नाही.

गुरुवारी आता रुपेशबरोबर आणखी दोघं-तिघं यायला लागले. एकदा कुंदा पापड घेऊन बाहेर आली तेव्हा रुपेशने पेला उंच धरला आणि अगदी मनापासून म्हणाला, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे."

हेच वाक्य तिने डबे नेणाऱ्या पोरांकडून किती वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी ती सुखावली होती. आज तिला आपल्या हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. पापडाची ताटली ठेवून ती आत गेली आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

समोरच्या दारी हमीदा राहायची. औरंगाबादची, वयाने कुंदाएवढीच. नवरा टॅक्सी चालवायचा. दोघींचं चांगलं जमायचं. रमजानात कुंदा तिच्याकडे इफ्तारला भजी, साबुदाणा वडे पाठवायची. त्या वर्षीच्या रमजानात पर्णिका हमीदाच्या मुलीबरोबर खेळायला गेली होती. हमीदाने द्राक्षाचा ज्यूस पुढे केला, तेव्हा पर्णिकाने सहज सांगून टाकलं, "Aunty, my papa makes wine from this. Mummy washes the cans. It's a secret." हमीदाला इंग्लिश फार येत नसे, पण एवढं समजायला फार लागतही नाही.

दुसऱ्या दिवशी कुंदा कांदाभज्यांची ताटली घेऊन गेली. हमीदाने ताटली घेतली नाही. तिने कुंदाला आत बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात पर्णिका काय बोलली ते सांगितलं. पोलिस, डिपोर्टेशन, मुलीची शाळा, सगळं एकदम कुंदाच्या डोळ्यांपुढे आलं. हमीदाच्या ते लक्षात आलं.

"घाबरो मत भाभी, मैं किसीको बोलनेवाली नहीं," ती म्हणाली. "पन अब तुम्हारे घर का मेरे से नहीं खाया जाएगा."

कुंदा घाईघाईने सांगायला लागली, की ती भांडी वेगळी असतात, स्वयंपाकाला कधी लागत नाहीत, मी उकळत्या पाण्याने, क्लोरॉक्सने...

"धोते होंगे. तुम्हारे सरीखा कोई नहीं धोता," हमीदा म्हणाली. "धोने की बातच नहीं है."

कुंदा भजी घेऊन घरी आली. तिला राग यायला हवा होता, पण येईना. कारण हमीदाच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्या ओळखीचं होतं. ओठ किंचित आत ओढलेले, नजर ताटलीवरून चटकन बाजूला घेतलेली. शेजार नवा होता तेव्हा हमीदाकडून ईदला शीरखुर्मा यायचा. त्या घरात मटण शिजतं, तीच भांडी असणार, म्हणून पहिली काही वर्षं कुंदा तो गुपचूप बेसिनमध्ये ओतायची आणि वाटी घासून, वर साखर घालून परत करायची. हमीदा निदान तोंडावर सांगून मोकळी झाली होती. स्वयंपाकघरात उभं राहून कुंदाने भजी कचऱ्याच्या पिशवीत रिकामी केली. तिलाही ती खाववेना. ओटा पुसायला तिने फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. घासून जाणारी ती घाण नव्हती, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मुरलीधर घरी आल्यावर तिने सांगितलं, "आजपासून मी कॅन धुणार नाही." हमीदाबद्दलही सांगितलं. तो आधी घाबरला, मग म्हणाला, ती बाई कुणाला सांगणार नाही म्हणाली ना, मग झालं तर. पर्णिकाला त्याने दम भरला. कॅन धुण्याचं त्याने मनावर घेतलं नाही. बायका चिडतात, चार दिवसांनी शांत होतात, असा त्याचा हिशेब होता.

कुंदाने त्या बाथरूमचं दार ओढून घेतलं आणि त्या बाजूला फिरकली नाही. हे तिला सोपं गेलं नाही. दाराखालून वास येत होता, चिलटं स्वयंपाकघरापर्यंत येत होती. हात शिवशिवत होते. पण ती गेली नाही. मुरलीधरने गाळ तसाच ठेवून वर रस ओतला.

पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी मंडळी बसली. रुपेशने एक घोट घेतला आणि उठून थेट बेसिन गाठलं. चूळ भरून परत आला, तोंड पुसलं आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "वहिनींना बरं नाहीये का?"

मंडळी गेल्यावर मुरलीधर भडकला. चार लोकांत माझं नाक कापलंस म्हणाला. कुंदा पोळ्यांचा डबा भरत होती. तिने मान वर केली नाही.

"मी धुते तेव्हा आत काय असतं, ते तुम्ही कधी बघितलंय का?" ती म्हणाली. "एकदा स्वतः धुवायला घ्या. मग मला बोला."

रागाच्या भरात तो गेला. बाथरूमचा दिवा लागला, नळ सुटला. थोड्या वेळाने ब्रश आपटल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज, शिवी दिल्यासारखा, आणि लगेच ओकाऱ्या. एकामागून एक, पोट पिळवटून काढणाऱ्या. कॅन उलटा करताना गाळ उसळून त्याच्या तोंडावर उडाला होता. गळ्याच्या कड्यात पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. कुंदाला आवाज ऐकू येत होते. एरवी ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली असती. ती डबे भरत राहिली.

तो बाहेर आला तेव्हा शर्ट ओला होता, डोळे लाल. शुक्रवारी सकाळी त्याने कॅन कापून काळ्या पिशव्यांत भरले आणि खाली नेले. इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, खैरुद्दीन नाक दाबून विचारायला लागला, तर लोणचं सडलं म्हणून सांगितलं.

मुरलीधरची दारू काही सुटली नाही. महिन्यातून एखाद्या गुरुवारी तो दुबईला एका मित्राकडे जायचा आणि दुसऱ्या दिवशीच परतायचा. कुंदाने त्याला कधी अडवलं नाही. हमीदाला तिने आपण होऊन सांगितलं की ते सगळं बंद झालं. हमीदा "अच्छा किया" म्हणाली. दोघी पूर्वीसारख्या दारात उभ्या राहून बोलायच्या, भाजीला बरोबर जायच्या. पण कुंदाच्या घरचा घास हमीदाने पुन्हा घेतला नाही, आणि कुंदानेही पुन्हा आग्रह केला नाही. दोन हजार एक साली मुरलीधरला पगार वाढवून मिळाला तेव्हा शिरगावकरांनी बर दुबईत फ्लॅट भाड्याने घेतला, आणि तो शेजारही सुटला.

त्या गुरुवारच्या प्रकाराबद्दल मुरलीधर कधी बोलला नाही, माफी मागणं तर दूरच. पण बर दुबईच्या घरात शुक्रवारी सकाळी तो स्वतः बाथरूम घासायला लागला. कोपरे राहतात, नळामागे हात जात नाही, फरशीवर साबणाचे पट्टे तसेच दिसतात. कुंदाला ते दिसतात. ती तसेच राहू देते.