घोषणेला बसून राहिलेली ताई

अन्याय गावाच्या मागण्यांसाठी भांडणाऱ्या आमच्या समितीच्या सचिव ताईवर झाला. पोळ्याच्या आधीच्या सोमवारी, दुपारी, परभणीत, आमच्याच कार्यालयात. करणारे बाहेरचे नव्हते, आमचेच होते.

शाळेच्या पोरींना सकाळची एसटी हवी होती. त्यासाठी अध्यक्षभाऊंनी देवगाव फाट्यावर रस्ता रोको ठरवला, तोही बाजाराच्या दिवशी. बैठकीआधी खालच्या टपरीवर सगळ्यांचं बोलणं एकच.

"बाजाराला आपलेच लोक शेळ्या घेऊन जातेत. त्यांनाच अडवायचं व्हय?"

"मग सांग की भाऊला."

"न्हाई बाबा. माझं मुंडकं हाय तिथं बरंय."

हसलो, चहा संपवला, वर गेलो.

आमची बैठक संपवायची एक रीत आहे. भाऊ विचारतात, "कोणाचं काही?" आणि उत्तर यायच्या आत मूठ वर करून घोषणा देतात. सगळे उठतात. घोषणेनंतर कुणी बोलत नसतं.

त्या दिवशी ताई उठली नाही. बसूनच म्हणाली, "माझं हाय, भाऊ. दिवस बदला."

"डेपोवाल्यांनी चहा पाजला वाटतं ताईला," भाऊ म्हणाले.

टपरीवर जे बोलले होते, तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. मी म्हणालो, "खाली आपण सगळे हेच बोलायलो होतो की!" कुणी मोबाइल काढला, कुणी पंख्याकडं बघितलं. ताईनं पर्स उचलली. "राहू दे रे," एवढंच मला म्हणाली आणि जिना उतरली. संध्याकाळी तिला समितीच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून काढून टाकलं.

रस्ता रोको बाजाराच्याच दिवशी झाला. फाट्यावर भादव्याच्या उन्हात शेळ्या धापा टाकत उभ्या होत्या. एका म्हातारीनं विचारलं, "लेकरा, हे आमच्यासाठीच हाय ना?" माझ्या हातात पत्रकं होती, मीच लिहिलेली.

पत्रकं अजून मीच लिहितो. टपरीवर गेलो की गप्पा थांबतात. "या, डेपोवाले," म्हणतात आणि बाकावर सरकून जागा देत नाहीत. मी रस्त्याकडं तोंड करून उभ्यानं चहा पितो. ताईला फोन केला तर "जेवलास का?" विचारते. समितीचं नाव काढलं की भाजी करपायली म्हणून फोन ठेवून देते. परवा एकानं मला गाठून कानात सांगितलं, "तुझं बरोबर होतं बरं का." अरे, मग कानात काय सांगतोस? वर बैठकीत बोल की!

पोलिसांच्या गाडीसमोर आडवे पडणारे आम्ही, आणि आपल्याच माणसाच्या हसण्याला घाबरतो. असल्या समितीवर गावानं भरवसा का ठेवावा?

ताईची खुर्ची रिकामी आहे. तुम्ही आमच्या समितीत असा नाहीतर तुमच्या गावच्या एखाद्या, ऐका: टपरीवर बोललात ते बैठकीत बोला. जी बोलली म्हणून गेली, तिला परत बोलवा. ती येईपर्यंत घोषणेला उठू नका.