फाटा ते तांडा

रोबो सुरू करण्याआधी थावरू राठोड त्याच्याभोवती एक फेरी मारत. चाकं हलवून बघत, वायरी ओढून बघत आणि शेवटी तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा पालथा हात बॅटरीला लावत. मग खिशातला तिकिटाचा जुना पंच काढून रोबोच्या पत्र्यावर दोनदा वाजवत. टण, टण. त्यानंतरच बटण. "येक घंटी थांबायची, दोन निघायच्या," ते सांगत. "डबल घंटीबिगर गाडी हालत न्हाई." कोणी हसलं तर फेरी पुन्हा पहिल्यापासून मारत.

राठोडकाका एसटीचे निवृत्त वाहक. सेनगाव तालुक्यात पुसेगावच्या पुढे, फाट्यापासून आत त्यांचा तांडा. नोकरीतली सगळी वर्षं ते ड्यूटी संपवून फाट्यावर उतरले आणि चालत घरी गेले. तांड्याचा रस्ता पुढे डांबरी झाला. गाडी मात्र आत आली नाही. मी तेव्हा हिंगोलीहून तालुक्याच्या बातम्या करायचो आणि बहुतेक वेळा त्यांच्याच गाडीत असायचो. निवृत्तीच्या सत्कारात मी त्यांना पुढं काय करणार म्हणून विचारलं. "तांड्यात यष्टी आणतो," ते म्हणाले. मी ते मागणी म्हणून छापलं. त्यांनी ते काम म्हणून सांगितलं होतं.

ही यष्टी म्हणजे सहा चाकांचा, हातभर लांबीचा रोबो. मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि चुकत त्यांनी तो जुळवला. डांबरावर फक्कीची पांढरी रेघ मारायची; पुढचे सेन्सर ती ओळखतात आणि गाडी रेघेवरून चालते. वर तेलाचा डबा कापून केलेली, लाल रंगाची पत्र्याची बॉडी होती, खिडक्यांसकट. ही गाडी फाट्यावरून निघून आपल्या जोरावर तांड्यात यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिली बॅटरी त्यांनी हलकी आणि जोरदार म्हणून निवडली. लिथियम पॉलिमरची, मऊ वेष्टनातली, चपटी. थंडीत गाडी मंदावली. "सेल बसला," ते घरी म्हणाले. त्यांच्या पत्नी गमलीबाईंनी मग लहानपणापासून पाहिलेला उपाय केला. रेडिओचे सेल उतरले की उन्हात ठेवायचे. संध्याकाळपुरते पुन्हा चालतात. काकांच्या टॉर्चचे सेलही त्या तसेच वाळवत आल्या होत्या. त्यांनी बॅटरी छपराच्या पत्र्यावर ठेवली. दुपारपर्यंत ती फुगली. भाकर फुगली की झाली, हा त्यांचा रोजचा अनुभव. "बघा, कशी टम्म झाली!" म्हणत त्यांनी ती काकांच्या हातात दिली. काकांनाही ते पटलं. त्यांनी बॅटरी चार्जरला लावली आणि हातपाय धुवायला गेले.

परत आले तर घरात धूर. चिमट्यानं उचलून त्यांनी बॅटरी अंगणात आणली आणि बांधकामाच्या वाळूत पुरली. बोटं भाजली. खुंटीला गमलीबाईंच्या आईची आरशांच्या भरतकामाची ओढणी होती. ती जळाली. राखेत आरसे तेवढे उरले.

नवराबायकोचं आपसातलं बोलणं बंजारा बोलीत चाले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा गमलीबाई मराठीत बोलल्या, म्हणजे मला साक्षीला धरून.

"ह्ये घरात आता न्हाई. येक तर तुमी ऱ्हाताल, न्हाई तर तुमची यष्टी ऱ्हाईल."

"मी कुठं जाऊ मग?"

"फाट्यावर. सवय हाय तुमाला."

काका हसले नाहीत. "बराबर हाय तुझं," ते म्हणाले. "पर सोडनार न्हाई मी. घराला धोका न्हाई अशी करून दाखवतो. तवर ती घराबाहीर."

दुसऱ्या बॅटरीसाठी आम्ही वसमतला गेलो. तिथे रशीदभाईंचं ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान. रशीदभाई काकांचे जुने प्रवासी. त्यांनी आधी शिशाची बॅटरी पुढे केली. काकांनी ती उचलली आणि खाली ठेवली. "हिला न्यायला दुसरी यष्टी लागंल." मग रशीदभाईंनी बोटाएवढे सुटे सेल काढले. वर क्षमतेचा मोठा आकडा छापलेला, हाताला मात्र हलके. काका आकडा वाचून थांबले. "पन्नास शिटांच्या गाडीत दोनशे तिकिटं फाडल्यावानी हाय ह्ये."

"काका, तुमारे जैसे गिराइक रोज आये तो दुकान बंद करना पडेगा," रशीदभाई म्हणाले आणि सेल आत ठेवले.

शेवटी लोह-फॉस्फेटच्या लिथियम सेलवर ठरलं. ते वजनानं जास्त, जोरानं कमी. पण उष्णता सोसतात आणि सहजासहजी पेट घेत नाहीत. सोबत एक संरक्षक सर्किट घेतलं, जे बॅटरी जास्त भरली किंवा फार उतरली की वीज तोडतं. त्याच्याआधी इशारा देणारा बझर घेतला. चार्जर त्याच जातीच्या सेलचा. जुन्या चार्जरची वायर काकांनी दुकानातच कापली. चुकून कोणी लावू नये म्हणून. जळालेली बॅटरी वाळूच्या डब्यातून आणली होती, ती ई-कचरा नेणाऱ्यासाठी रशीदभाईंच्या स्वाधीन केली. "साधी गाडी हाय, निमआराम न्हाई," परतताना काका म्हणाले. "पर पोचती."

चार्जिंग आता अंगणात लिंबाखाली, गळा फुटलेल्या रांजणात. तळाला वाळू, वर फरशीचा तुकडा, त्यावर बॅटरी. हिरवा दिवा लागेपर्यंत काका शेजारी बसून राहत. कोणी चहाला बोलावलं तरी उठत नसत. "चार्जिंगला लावून उठायचं म्हंजे चालत्या गाडीतून कंडक्टरनं उतरायचं." गमलीबाई दारातून बघत.

उन्हाळ्यात एकदा काका गाडी चालवून आले आणि लगेच चार्जर जोडू लागले. दारातून आवाज आला, "हात लावा आधी."

काकांनी पालथा हात लावला. बॅटरी गरम होती.

"तिकिटं तपासाया, लाइन चेकिंगला आली व्हय तू?"

"आले. सरका बाजूला." त्यांनी रांजण ढकलत दाट सावलीत नेला. परवानगी मिळाली ती अशी.

दिवाळीनंतर गाडी फाट्यावरून निघाली. मागे अर्धा तांडा. शेवटच्या चढावर मोटरींनी जोर मागितला, व्होल्टेज खाली आलं आणि बझर वाजला. समोर घरं दिसत होती.

"काका, जाऊ द्या! काय ऱ्हायलं आता?" लोक ओरडले. गमलीबाईही म्हणाल्या, "येवढंच तर हाय. चालू द्या की."

काकांनी बटण बंद केलं. "वाजला म्हंजे वाजला. आज घर दिसून राहिलं म्हनून ऐकलं न्हाई, तर उद्या घरात बी ऐकू येनार न्हाई."

कोणीतरी सुचवलं, पत्रा काढा, वजन उतरेल. त्याला त्यांनी साफ नकार दिला. "बॉडी काढली तर यष्टी कशाची? खेळणं व्हईल." गाडी पत्र्यासकट उचलून त्यांनी चढ चढला.

पुन्हा प्रयत्न करणं त्यांना जमलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते झोपेतच गेले.

दहाव्याला गेलो तेव्हा रोबो फळीवर होता आणि बॅटरी वेगळी काढून, न वापरता ठेवायची म्हणून अर्धीच भरून, पावसापासून झाकलेल्या रांजणात. पाऊस उघडल्यावर गमलीबाईंचा फोन आला. "येताना फक्की आणा. मी चालवनार हाय."

फाट्यावर त्यांनी आधी फेरी मारली. चाकं, वायरी, मग पालथा हात. त्यानंतर स्क्रू काढून लाल पत्रा उतरवला आणि काखेत घेतला.

"काकांना चाललं नसतं," मी म्हणालो.

"ठावं हाय. म्हनून तर सोबत घेतला."

काखेतल्या पत्र्यावर त्यांनी पंच दोनदा वाजवला. गाडी निघाली. त्या तिच्या वेगानं चालत राहिल्या. चढावर गाडी मंदावली, थांबली नाही. बझर गप्प राहिला. पहिल्या घराच्या अलीकडे त्यांनी गाडी उभी केली, पत्रा वर बसवला, स्क्रू आवळले आणि पुन्हा बटण दाबलं. पुढचा रस्ता सपाट होता. लाल यष्टी तांड्यात शिरली आणि लिंबापाशी, रेघ संपली तिथे, थांबली.

गमलीबाईंनी पंच एकदाच वाजवला. मग बॅटरी काढून सावलीत ठेवली आणि ती गार होईपर्यंत तिथून उठल्या नाहीत.