चंदेवाली

मागताना मान खाली घालायची नसते, हे चंदेवालीला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. आम्हाला गणपतीची वर्गणी मागायची म्हटली तरी आधी घसा खाकरावा लागतो, मग हवापाण्याच्या गप्पा होतात, मग "तसं काही नाही, सहज आलो होतो" होतं. ही पोरगी कोठी बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात ऐन गर्दीच्या वेळी शिरायची आणि गल्ल्यासमोर उभी राहून सरळ विषयाला हात घालायची. हैदराबादेत वर्गणीला चंदा म्हणतात. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक संस्कृत होतं, पण त्या दुकानाचे म्हातारे मालक तिला "क्या रे चंदेवाली, फिर आ गई?" असं विचारायचे, आणि तेच नाव कोठीवरून आमच्या तारनाक्यापर्यंत पोचलं. तिला ते आवडायचं.

"पैसे नक्को चाचा, तुम आके बैठो," असं ती त्यांना म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. "नाच अच्छा लगा तो देओ, नै तो नक्को." चाचांनी कार्यक्रमाला यायचं कबूल केलंच, वर मुलींच्या पोशाखासाठी एक अख्खा तागा काढून दिला. परतताना तो तागा मला उचलावा लागला, कारण बाईसाहेब पुढच्या दुकानात शिरल्या होत्या.

ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची आणि तिथेच कुचिपुडीचा क्लास चालवायची. मी रेल्वेतून निवृत्त झालेला, दुपारी हमखास झोप लागणारा माणूस. डोक्यावर वीस-पंचवीस पोरी एकदम पाय आपटू लागल्यावर माझं काय होत असेल ते सांगायला नको. तक्रार करायला म्हणून एकदा वर गेलो, तर तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि "काका, तुमचा आवाज काय मस्त आहे, आमच्या प्रोग्रामला अनाउन्समेंट कराल ना?" असं विचारून माझी तक्रार घशातच ठेवली. तिचे आजोबा इथले नावाजलेले वकील. घर जुनं मराठी, पण नातीला मराठी वाचताना धाप लागायची. निवेदन ती रोमन अक्षरांत लिहून आणायची आणि मी देवनागरीत उतरवून घेत असताना शेजारी बसून "काका, हा शब्द जास्त जड नाही ना?" असं विचारत राहायची. जड असेल तर काढून टाकायला लावायची.

क्लासमध्ये तिला सगळ्या अक्का म्हणायच्या. ज्यांना परवडे त्या फी द्यायच्या, ज्यांना परवडत नसे त्या देत नसत, आणि कोण कुठली हे तिने कधी कुणाला कळू दिलं नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखीच होती. वर्षातून एक तरी कार्यक्रम दुसऱ्या कुणासाठी करायचा. कधी म्हाताऱ्यांच्या आश्रमासाठी, कधी पुराचं पाणी शिरलेल्या वस्तीसाठी, कधी मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेसाठी. परीक्षा जवळ आली म्हणून एखादी आई कुरकुरली की ती म्हणायची, "शिकली ना ती? मग फेडू द्या." एवढ्यावर आया गप्प बसायच्या आणि मुली खूश व्हायच्या. त्या वयात आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय ही भावना काय असते, ते मी त्या पोरींच्या तोंडावर पाहिलं आहे. अभ्यासाला कंटाळणाऱ्या मुली हातात तिकिटं घेऊन आबिड्सच्या दुकानांत हिंडायच्या.

मला असले धर्मादाय कार्यक्रम मुळीच आवडत नसत. ज्याला मदत करायची त्याला स्टेजवर उभं करतात, त्याच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा चेक देतात, आणि देणारा कॅमेऱ्याकडे बघून हसतो. चंदेवालीचंही मत माझ्यासारखंच निघालं. बहिऱ्या मुलांच्या कार्यक्रमाला एका बड्या पाहुण्याने त्या लेकरांना रांगेने वर बोलवा म्हणून हट्ट धरला. ही पूर्ण शृंगारात, दागिन्यांसकट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, त्यांना बसू द्या ना. तुम्हीच खाली चला." पाहुणा खाली गेला. जाताना त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मी माइकवर हसू दाबत पुढच्या नाचाचं नाव चुकीचं सांगितलं.

"आम्ही चांगलं नाचतो म्हणून द्या. कुणाचं वाईट झालं म्हणून नका देऊ." हे ती मुलींना सारखं सांगायची, आणि तिचा त्यावर खरोखर विश्वास होता. मला तो विश्वास फार आवडायचा. आज त्याच विश्वासाचा मला राग येतो.

सुमी ही तिच्या क्लासमधली नऊ वर्षांची पोर. आईबाप बीदर-भालकीकडचे. बाप टेम्पो चालवायचा, आई आमच्याच गल्लीत ब्लाउज शिवायची आणि साड्यांना फॉल लावायची. सुमीचे डोळे नाचताना इतके बोलायचे की पुढच्या रांगेतल्या मोठ्या मुली तिच्यावर जळायच्या. ती एकदा सरावात चक्कर येऊन पडली. मग ताप, मग अंगावर काळेनिळे डाग, मग दवाखाने. रक्ताचा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, धाकट्या बहिणीचं जुळतंय, तिच्या हाडातला मगज हिला देता येईल. मात्र उशीर करू नका, आणि पैसे आधी भरावे लागतील. केवढे, ते ऐकून सुमीचा बाप दवाखान्याच्या पायरीवर खालीच बसला.

चंदेवालीने त्याच संध्याकाळी मुलींना गोळा केलं. या वेळी वेगळं कुणी नाही, आपलीच सुमी. दोन कार्यक्रम ठरले, पहिला कोठीला, दुसरा आबिड्सला. मुली झपाटल्यासारख्या सराव करू लागल्या, आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. या वेळी मी तक्रार करायला वर गेलो नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एका दुसऱ्या मुलाचं पोस्टर होतं. नाकात नळी, डोळे मिटलेले, खाली मदतीचं आवाहन. तपासणीला जाता-येता सुमीने ते पाहिलं आणि अक्काला विचारलं की हे कशाला लावतात. अक्काने खरं ते सांगितलं. तेव्हा सुमी म्हणाली, "माझा नका लावू. माझ्या वर्गातले म्हणतील, ही मरायली." चंदेवालीने तिला शब्द दिला.

पुढे सगळे त्या शब्दावर तुटून पडले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, फोटो टाका, चार ओळी टाका, मोबाईलवरून जगभर फिरेल, आठवड्यात पैसे उभे राहतील. आया तेच म्हणाल्या. चंदेवालीचं आपलं एकच, की आम्ही नाचून उभे करू. मग एका संध्याकाळी सुमीची आई वर आली. मी निवेदन उतरवून घेत तिथेच बसलो होतो. तिच्या मोबाईलमध्ये सुमीचा फोटो होता, केस गेलेल्या सुमीचा, सलाइनसकट.

"अक्का, लावा की हा," ती म्हणाली. "माझी लेक हाय, मीच सांगायलेय."

चंदेवाली म्हणाली, "तिला विचारते. ती हौ बोलली तर आत्ता लावते."

"तिला काय कळतंय? नऊ वर्षांचं लेकरू ते."

"वहिनी, इज्जत तिचीच जाणार आहे ना."

दुसऱ्या दिवशी ती खरंच दवाखान्यात गेली आणि सुमीला विचारून आली. सुमीने भिंतीकडे तोंड फिरवलं. फोटो लागला नाही. सुमीच्या आईने पुन्हा विषय काढला नाही. तशी ती सगळ्यांचं मुकाट ऐकणारी बाई होती.

कोठीचा कार्यक्रम फार सुंदर झाला. मी इतकी वर्षं हे नाच बघतोय; त्या पोरी त्या दिवशी जशा नाचल्या तशा पुन्हा नाचल्या नाहीत. पितळी थाळीच्या काठावर पाय ठेवून चंदेवाली स्वतः नाचली तेव्हा दुकानवाले चाचा रुमालाने डोळे पुसत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाहवा केली, दाराशी लावलेल्या क्यूआर कोडवर नाच बघितल्यावर माणूस जेवढं देतो तेवढं दिलं, आणि जेवायला घरी गेले. जमलं ते भरायच्या रकमेच्या जवळपासही नव्हतं. "आबिड्सला होईल," ती म्हणाली. तिच्या आवाजात मागण्यातली ती ऐट होती, पण थोडी कमी.

आबिड्सच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सुमी गेली. जंतुसंसर्ग झाला होता. दोन दिवस ताप उतरत नव्हता, आणि मग उतरला तो असा. हॉल घेतलेला, तिकिटं गेलेली. मुली रडत होत्या, त्यांच्या आयांना कार्यक्रम रद्द करावा असं वाटत होतं. चंदेवाली रडली नाही. लोकांना खोटं सांगून बोलवायचं नाही आणि आलेल्यांना परतही पाठवायचं नाही, एवढंच बोलली. संध्याकाळी ती स्टेजवर आली, जिच्यासाठी हा कार्यक्रम होता ती मुलगी आज सकाळी वारली असं तिने स्वतःच सांगितलं, कुणाला तिकिटाचे पैसे परत हवे असतील तर दाराशी मिळतील असंही सांगितलं, आणि बाजूला झाली. ते माझ्याकडून वदवलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

कुणीच पैसे परत मागितले नाहीत. समईशेजारी कुणीतरी सुमीचा फोटो आणून ठेवला होता, नाचाच्या पोशाखातला, वर मोगऱ्याचा हार. तो पाहिल्यावर हॉलभर हुंदके फुटले. आणि मग लोक उठले. दाराशी रांग लागली. माणसं मोबाईल उंच धरून क्यूआर कोडपर्यंत पोचायला धडपडत होती, बायका पाकिटं रिकामी करत होत्या, ज्यांनी कोठीला हात आखडता घेतला होता तेही होते. तासाभरात एवढं जमलं की सुमीचं सगळं उपचाराचं भागून उरलं असतं.

चंदेवाली विंगेत उभी होती. पोशाख घातलेला, डोळ्यांत काजळ, पायांत घुंगरू. ती माझ्याकडे वळली.

"काका, आता कायकू देऊ लागलेत हे?"

मी रेल्वेचा माणूस. उशिरा आलेल्या गाडीची कारणं सांगण्यात माझी हयात गेली. मी निवेदनाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

ते पैसे सुमीच्या आईच्या सांगण्यावरून दुसऱ्या मुलांच्या उपचारासाठी दवाखान्यात भरले. त्यानंतर क्लास भरला नाही. मुली यायच्या, जिन्यात घुटमळायच्या, परत जायच्या. मी वर जाऊन बसायचो. ती चहा करायची आणि दोघांचाही चहा निवून जायचा. एकदाच तिने विचारलं की फोटो लावला असता तर सुमी वाचली असती का. डॉक्टरांनी तेव्हाही खात्री दिली नव्हती, हे मी तिला सांगितलं. ते खरंही होतं. तिने मान हलवली, म्हणजे पटलं म्हणून नव्हे, म्हातारा बोलतोय तर बोलू द्यावं म्हणून. मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. पोरीला दिलेला शब्द पाळला याबद्दल तिच्या पाया पडावं असंही वाटत होतं, आणि शब्द कसला पाळत बसलीस म्हणून ओरडावंसंही वाटत होतं. मी तिच्यावर मुलीसारखं प्रेम केलं आणि तिच्यासाठी मला काहीही करता आलं नाही.

मग एक दिवस सुमीची आई जिना चढून वर गेली. बरोबर धाकटी होती, पाच-सहा वर्षांची, सुमीची सरावाची साडी आखूड करून नेसवलेली. मी त्यांच्या मागोमाग गेलो, कारण ती आता फोटोवरून काही बोलेल अशी मला भीती वाटली. चंदेवालीने दार उघडलं तेव्हा सुमीची आई म्हणाली, "अक्का, हिला शिकवा. तिला लई आवडायचं."

चंदेवालीने धाकटीचा हात धरला. मग तिने तिला आत घेतलं. क्लास सुरू करण्याआधी जमिनीला नमस्कार करायचा असतो, पायांनी आपण तिला तुडवणार म्हणून आधीच तिची माफी मागायची असते. तो नमस्कार तिने धाकटीला शिकवला. गुडघे कसे वाकवायचे, जमिनीला हात लावून डोळ्यांना कसे लावायचे, उठताना पाठ कशी सरळ ठेवायची. सुमीची आई भिंतीला टेकून बघत होती, आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटत होतं. शेवटी चंदेवालीने पोरीचा पदर नीट खोचला आणि म्हणाली, "उद्या ये हं."

सकाळी मी दूध आणून परतलो तेव्हा वरच्या दाराला कुलूप होतं. घरमालकाकडे किल्ली दिली होती, सामान कुणालाही वाटून टाका म्हणून सांगितलं होतं. कुठे गेली ते त्यालाही माहीत नव्हतं. तिचा फोन लागतो, ती उचलत नाही. मी अजूनही करतो.

त्या संध्याकाळी मायलेकी आल्या. मी जिन्यातच गाठून सुमीच्या आईला काय झालं ते सांगितलं. ती पायरीवर बसली, तोंडाला पदर लावून. धाकटी तोवर वर पोचली होती. तिने ते बंद दार पाहिलं, साडी सावरली, गुडघे वाकवले, उंबऱ्याबाहेरच्या फरशीला हात लावून डोळ्यांना लावले आणि पाठ सरळ ठेवून उठली. मग पुन्हा वाकली. तिला तेवढंच येत होतं.