वहिनी जे बोललीच नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, दादाला नाही, वसतिगृहातल्या जिवाभावाच्या मैत्रिणींनाही नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, जिच्याजवळ पडायला हवं होतं तिच्याजवळ. आणि आता तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही. एका परीनं ते बरंच आहे.

कुठून सुरू करू? डोळ्यांपासूनच करावं लागेल. मला जन्मतः दिसत होतं. मग संध्याकाळचं कमी दिसायला लागलं, मग कडेचं, आणि मॅट्रिकच्या वयाची होईपर्यंत सगळंच गेलं. रंग आठवतात. आईचा चेहरा आठवतो, तरुणपणचा. नागपुरात वसतिगृहात राहून ब्रेल शिकले आणि भिलाईला परत आले, पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये. तोवर बाबा गेले होते आणि त्यांच्या जागी दादा प्लांटमध्ये लागला होता. घरात आई, दादा आणि मी. मग दादाचं लग्न झालं. आर्वीकडची मुलगी आली, मंदा. माझी वहिनी. माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी.

लग्नानंतर दादा तिला पावर हाउस भागातल्या टॉकीजमध्ये सिनेमाला घेऊन गेला, तेव्हा मलाही सोबत नेलं. माझ्यासाठी सिनेमा म्हणजे गाणी आणि भांडणं. मधे मधे पडद्यावर सगळं गप्प व्हायचं, नुसतं वाजंत्री सुरू असायची, आणि हॉलमधली माणसं एकदम श्वास रोखायची किंवा हसायची. मी त्या हसण्याच्या बाहेर बसलेली असायचे. दादा काही सांगायचाच तर सांगायचा, ‘आता मारामारी सुरू आहे.’ ती तर मला ऐकूच येत होती.

वहिनीनं थोडा वेळ हे सगळं पाहिलं असावं. मग ती माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू बोलायला लागली.

“तो दारात येऊन उभा राह्यला. आत नाही येऊन राहिला. तिनं पाह्यलं त्याले. अन् आता पाठ फिरवून ताट पुसून राहिली. कोरडंच आहे ताट.”

कळतंय का तुम्हाला, तिनं काय केलं ते? ज्याला आवाज नव्हता तेवढंच तिनं सांगितलं. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की ही गप्प. त्यांचं बोलणं संपलं की हिचं सुरू. कुणी शिकवलं होतं तिला? कुणीच नाही. मागच्या रांगेतून कुणी तरी च्-च् केलं, तेव्हा ती आणखी जवळ सरकली, आवाज आणखी खाली नेला, पण सांगायची थांबली नाही. त्या दिवशी त्या बाईचं ताट कोरडं होतं हे ऐकून मी रडले. हॉलमधल्या बाकी सगळ्यांच्या बरोबरीनं रडले.

मग घरी टीव्ही आला. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा आणि आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर क्वार्टरांची सगळी लाइन जमायची. वहिनी माझ्या शेजारी बसून सांगत असायची आणि हळूहळू डोळसांनाही तिचं ऐकायची सवय लागली. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या की मंदा नसली तर आपल्याला अर्धं दिसतच नाही. वहिनीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मला मात्र वाटलं, ही माझी आहे. पहिल्यांदा मला कुणी तरी पूर्ण माझ्यासाठी म्हणून मिळालं होतं.

इथं मी रेंगाळतेय, हे माझं मला कळतंय. पुढचं सांगायला जड जातं म्हणूनच.

वहिनी बारावी झालेली होती. लहान मुलांना शिकवायचा एक वर्षभराचा कोर्स दुर्गला होता. दुपारचे वर्ग असायचे. पास झाली तर जवळच्या शाळेत नोकरी मिळण्यासारखी होती. आईची फार इच्छा नव्हती, पण दादानं हो म्हटलं आणि वहिनी जायला लागली. सकाळी सगळ्यांचा स्वयंपाक उरकायची, पावर हाउसहून बस धरायची, संध्याकाळी येऊन पुन्हा पोळ्यांना लागायची. आणि खूश होती. पोळ्या लाटताना गुणगुणायची. आधी कधी गुणगुणली नव्हती.

रविवारी मात्र ती टीव्हीसमोर वही घेऊन बसायची. मुलांसाठी तक्ते करायची, फळांचे, जनावरांचे. मला कागदावर मेणाचा खडू घासल्याचा आवाज यायचा. सिनेमात शांतता पडली की मी वाट पाहायचे. खडू चालूच.

“काय झालं, वहिनी?” मी विचारायचे.

“काही नाही. दोघं बसून राह्यले.”

कुठं बसले? कसे बसले? एकमेकांकडे पाहताहेत की नाही? पूर्वी हे विचारावं लागत नव्हतं. आता विचारलं की ती मान वर करून एखादं वाक्य बोलायची आणि पुन्हा खडू. मला तिचा राग आला. तिचा आला, तिच्या वहीचा आला, दुर्गच्या त्या वर्गाचा आला. हक्काचं माणूस होतं ते, आणि कुणी तरी उचलून नेत होतं. तसंच वाटायचं मला. खोटं कशाला सांगू?

एका दुपारी आई देवळात भजनाला गेली होती, दादा ड्यूटीवर होता. वहिनीला बस धरायची होती. निघता निघता दारातून ती मला म्हणाली, “शालू, गॅसजवळ जाऊ नको बरं. मी आल्यावर चहा करते.” मी हो म्हटलं. दार लोटलं गेलं.

थोड्या वेळानं मी स्वयंपाकघरात गेले. का गेले? चहाची तलफ आली होती, इतकंच नव्हतं. सांगितलंय ना जाऊ नको, मग जाते. असंही होतं. माचीस सापडली, गॅस पेटला, पाणी ठेवलं. मला ते जमतं, वसतिगृहात मी कितीदा केलं होतं. पण सांडशीनं पातेलं नीट धरलं गेलं नाही. उकळतं पाणी डाव्या हातावर आणि पायावर आलं.

आई परतली तेव्हा मी मोरीत नळाखाली हात धरून बसले होते. तिनं आधी गॅस बंद केला, मग मला धरलं आणि विचारलं, “कावून गेली तू गॅसजवळ?”

आणि मी म्हटलं, “वहिनीनं सांगितलं होतं. चहा करून घेजो म्हणे.”

हे ते. एवढंच वाक्य. मी आधी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं तेव्हा ते मला अगदी तयार सापडलं. असं वाक्य माणसाला काही विचार न करता सापडतं का? मला नाही वाटत.

दवाखान्यातून पट्टी बांधून आलो तोवर वहिनी घरी आली होती. आई बोलायची ते सगळं बोलली, आंधळ्या पोरीला गॅसवर सोडून शिकायला जाते म्हणून. वहिनी म्हणाली की मी तर जाऊ नको म्हटलं होतं. मग थांबली. दादा तिथंच उभा होता, त्यानं विचारलं, नक्की काय म्हटलं होतं तू? ती पुन्हा म्हणाली, जाऊ नको म्हटलं. पण आता आवाज बसला होता. मग ती माझ्याकडे वळली असावी, कारण आवाज सरळ माझ्यावर आला.

“शालू, मी तसं म्हटलं काय? घाईत होती मी. मले आठवून नाही राहिलं.”

तेव्हा मला सगळं मागे घेता आलं असतं. तिनं दार उघडूनच ठेवलं होतं. मी काय केलं? पट्टीचा हात छातीशी धरला आणि गप्प बसले. माझं गप्प बसणं सगळ्यांनी होकार म्हणून घेतलं. तिनंही.

दुसऱ्या दिवसापासून दुर्ग बंद झालं. कुणी जोरानं बोललं नाही. दादा फक्त म्हणाला, राहू दे आता. तक्ते बरेच दिवस कपाटामागे होते, मग वहिनीनं ते कापून मांडणीच्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरले. डबा काढताना माझ्या बोटांना खडूचा मेणचटपणा लागायचा.

आणि सगळ्यात वाईट हे की रविवारी ती पुन्हा माझ्याजवळ बसायला लागली. वही नाही, खडू नाही. पूर्वीसारखं सगळं सांगायला लागली. कोण कुठं पाहतं, कुणाचा हात उठला आणि परत खाली गेला. आणि मला ते आवडलं. लाज वाटत होती आणि आवडत होतं, दोन्ही एकदमच. तिनं त्यात कधी हात आखडला नाही. रागावून एक रविवार जरी ती गप्प बसली असती तरी मला बरं वाटलं असतं.

मला वाटायचं की तिला ठाऊक आहे. ही खोटं बोलली हे तिला माहीत आहे आणि ती मोठ्या मनानं गप्प आहे, असं मी धरून चालले होते. सोयीचं होतं ते. पण हळूहळू काही तरी वेगळंच ऐकू यायला लागलं. वहिनी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. सांगून झालं की विचारायची, काय म्हटलं मी, बोलून दाखव. पुढे तिच्या मुलीलाही तसंच. कुलूप लावून फाटकापर्यंत जायची आणि परत येऊन ओढून पाहायची. दूध गॅसवर असलं की तिथून हलायची नाही, दारावरची घंटी वाजत राहिली तरी. आणि कुणाशी वाद झाला की स्वतःच माघार घ्यायची. “मीच तसं म्हटलं असन. माह्या बोलण्याचा भरवसा नाही.”

मग आई गेली. आईला सांगायचं राहिलं, ते राहिलंच. वहिनीची मुलगी कॉलेजात गेली. टीव्हीवर चॅनेलं वाढली, आता रविवारची वाट पाहावी लागत नाही.

गेल्या महिन्यात पूर्वी आमच्याच लाइनीत राहणाऱ्या देशकर बाई घरी आल्या. शाळेतून रिटायर झाल्यात, जुनवानीला राहतात. घरीच लहान मुलांचा वर्ग सुरू करताहेत आणि त्यांना मदतीला बाई हवी आहे. त्यांनी वहिनीला पोरांशी बोलताना कितीदा ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, मंदाताई, कोर्स पुरा झाला नाही तर नाही, तुम्ही या.

मी आतल्या खोलीत होते. वहिनी म्हणाली, “नको बाई. माह्या भरवशावर लोकाइची लेकरं नका ठेवू. माह्यानं एकदा आमच्या शालूचा हात भाजला.”

हे ऐकून मी पलंगावर बसले ती बसूनच राहिले. तिला काही ठाऊक नव्हतं. कधीच ठाऊक नव्हतं. ती मला माफ करत नव्हती, ती इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत होती.

देशकर बाई गेल्यावर तिनं मला पुढच्या खोलीत बोलावलं, टीव्ही लावला आणि माझ्याजवळ बसून सांगायला लागली. स्टेशन आहे, एक म्हातारा बाकावर बसला आहे. मी म्हटलं, वहिनी, टीव्ही बंद कर.

आणि सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, पण थोडक्यात. ती दारातून काय म्हणाली होती, तिच्याच शब्दांत. मी का गेले. आईला काय म्हटलं. तिनं विचारलं तेव्हा का गप्प बसले.

पंखा फिरत होता, बाहेर कुणी तरी सायकल लावत होतं. तिचा चेहरा कसा झाला, ते मला सांगणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं जिनं मला प्रत्येक चेहरा सांगितला, तिचाच चेहरा त्या वेळी मला ठाऊक नव्हता. 

मग आवाज आला. “म्हणजे मी नव्हती म्हटलं.”

“नाही.”

“चहा करून घे असं?”

“नाही वहिनी. गॅसजवळ जाऊ नको म्हटलं होतं तू. मी आल्यावर करते म्हटलं होतं.”

तिनं ते पुन्हा बोलायला लावलं. मी बोलले. तिनं आणखी एकदा बोलायला लावलं. मग तिनं एक मोठा श्वास सोडला, डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवताना बाई सोडते तसा.

“नव्हती म्हटलं मी,” ती स्वतःशीच म्हणाली. मग उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडी मात्र जोरात आदळत होती. रागावली होती आणि ते बरोबरच होतं. मला वाटतं, माझ्यावर ती पहिल्यांदाच रागावली.

दादाला जेवताना मीच सांगितलं. तो जेवायचा थांबला. मग वहिनीला म्हणाला की मीही शालूला नीट विचारायला हवं होतं. ती म्हणाली, हो, हवं होतं.

पुढच्या सोमवारपासून ती जुनवानीला जायला लागली. सकाळी जाते, दुपारी येते. कधी माझ्याजवळ बसून सिनेमा सांगते, कधी म्हणते आज नाही, थकली मी. तेव्हा मी एकटी नुसती ऐकत बसते. जे कळत नाही ते कळत नाही. तिनं मला माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. 

ती निघाली की मी दाराशी जाते. कुलूप लावायचं नसतं, मी घरातच असते. ती फाटक लावते आणि जाते. परत येऊन पाहत नाही. तिच्या चपलांचा आवाज रस्त्याला लागतो आणि लांब जातो. मला हलकं वाटतं. हे हलकेपण मी कमावलेलं नाही, पण वाटतं.